फडताळातील वाफा

नवरात्रात देवघरात घटाभोवती पेरलेले धान्य नऊ दिवसांत चांगले वीतभर वाढते; परंतु त्याचे कोंब हिरवे नसून फिकट पिवळे असतात. गोव्यात नाताळच्या गोठ्यासाठी नाचणी पेरतात. ती उजेडात ठेवली तर गर्द हिरवी होते. अंधाऱ्या कोपऱ्यात राहिली तर तीही पिवळी पडून आडवी होते. बीज तेच, माती तीच, पाणीही तेच. फरक केवळ प्रकाशाचा. अंधारातील अंकुर दाण्यात साठविलेली शिदोरी खर्च करीत उजेडाच्या शोधात उंच उंच होत जातो. शिदोरी संपेपर्यंत उजेड सापडला नाही तर तो कोलमडतो.

घराला अंगण होते तोवर या गोष्टीची चिंता कोणास नव्हती. आज पणजी, मडगाव, बेळगाव येथील कित्येक कुटुंबे सदनिकांत राहतात, आणि पुष्कळांच्या खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत असते. त्यात पावसाळ्याचे चार महिने आभाळ भरलेले. पाऊस ओसरल्यावर लावावयाची मिरची-वांग्याची रोपे नेमकी याच दिवसांत तयार करावी लागतात. ती उघड्यावर ठेवली तर पावसाच्या माऱ्याने सडतात. खिडकीत ठेवली तर काचेकडे वाकून सुतासारखी बारीक होतात. अशा घरी भिंतीतील एखादे रिकामे फडताळ व एलईडी दिवे यांच्या साहाय्याने लहानसा वाफा तयार करता येतो.

प्रथम प्रकाशाचे मोजमाप ध्यानात घेतले पाहिजे, कारण या बाबतीत माणसाचा डोळा फार फसवा आहे. भर दुपारचे ऊन सुमारे एक लाख लक्स भरते. रात्री दिवा लावलेली बैठकीची खोली दोनतीनशे लक्सच्या घरात असते. डोळा आपली बाहुली लहानमोठी करून दोन्हीकडे जुळवून घेतो. पानाला ही सोय नाही. कोवळ्या रोपांना सुमारे १०,००० लक्स प्रकाश रोज चौदा तास मिळाला, तरच ती ठेंगणी व दणकट वाढतात. छताच्या दिव्याखाली कुंडी ठेवणाऱ्याची निराशा होते ती यामुळेच.

हा प्रकाश माफक विजेत मिळू लागला तो एलईडीमुळे. दिसणारा तांबडा प्रकाश देणारा एलईडी निक होलोनियाक यांनी १९६२ साली तयार केला. प्रखर निळ्या प्रकाशासाठी मात्र १९९० नंतरच्या दशकाची वाट पाहावी लागली. त्या कार्याबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजचा पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळाच दिवा असतो; त्यावरील लेपामुळे निळ्याचा काही भाग पिवळ्या, हिरव्या व तांबड्या प्रकाशात पालटतो. पान तांबडा व निळा प्रकाश विशेष शोषते हे खरे. परंतु हिरव्या प्रकाशाचाही ते बराच उपयोग करून घेते. म्हणून बाजारात मिळणारे जांभळट दिवे महाग असतील तर त्यांच्यामागे धावण्याचे कारण नाही. साध्या पांढऱ्या नळ्यांवर हे काम उत्तम भागते.

आता बांधणीकडे वळू. चार फूट लांब, एक फूट रुंद व दोन फूट उंच असा एक खण घ्यावा. त्यास आतून पांढरा रंग द्यावा, म्हणजे बाजूंना जाणारा प्रकाश परतून रोपांवर पडतो. वरच्या फळीस वीस वॅटच्या तीन एलईडी नळ्या साखळीने टांगाव्यात. साखळी अशासाठी, की रोपे वाढतील तसे दिवे वर घेता यावेत. नळ्या व रोपांचे शेंडे यांत साधारण अर्ध्या फुटाचे अंतर राखावे. अंतर वाढले की प्रकाश झपाट्याने उणावतो, आणि दिवे पेटलेले असूनही रोपे लांबू लागतात.

खालच्या बाजूस पाणी झिरपून साठेल असे ताट व त्यावर भोके असलेली तबके ठेवावीत. माती, चाळलेले शेणखत व नारळाच्या काथ्याचा भुसा समभाग घ्यावा. कोंदट हवेत बुरशी रोपाची मान जमिनीलगत कापते. यास्तव एका टोकास लहान पंखा मंद चालू ठेवावा आणि दिवे चालू असता फडताळाची दारे उघडी ठेवावीत. दिवे आपोआप बंद-चालू करणारे घड्याळी बटण लावले म्हणजे चौदा तासांचा नेम चुकत नाही. रात्रीचा अंधार मात्र रोपांना मिळालाच पाहिजे. टोमॅटोला अहोरात्र उजेड दिला तर त्याची पाने पिवळी पडतात.

सर्वांत मोठी काळजी आहे ती पाणी व वीज यांच्या शेजाराची. पावसाळ्यात भिंती ओलावतात, आणि घरातील मुले कुतूहलाने हात घालतात. जोडण्या तबकांच्या वर व बाजूस असाव्यात. वायरीस प्लगपाशी खाली झोल द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी तेथूनच गळून जाते. लोखंडी मांडणी असल्यास तिला अर्थिंग हवे, आणि गळती होताच वीज तोडणारे यंत्र मंडळात हवेच. पाणी घालण्यापूर्वी बटण बंद करावे. हे काम जाणत्या वायरमनकडून करून घेण्यात कमीपणा नाही.

अखेर खर्चाचा प्रश्न. साठ वॅट चौदा तास म्हणजे महिन्यास सुमारे पंचवीस युनिट. एवढ्या विजेवर मेथी-कोथिंबिरीच्या थोड्याशा जुड्या निघतील. त्या बाजारातच स्वस्त पडतात, हे स्पष्ट सांगितलेले बरे. परंतु त्याच जागेत मिरची-वांग्याची पन्नास रोपे सहज मावतात. ऑगस्टच्या अखेरीस बी टाकले तर चाळीस दिवसांत, चौतीसएक युनिट विजेवर, ती लावणीस येतात. तोवर पाऊस ओसरू लागलेला असतो. आठवडाभर रोज थोडा अधिक वेळ बाहेर ठेवून त्यांना वाऱ्याची व उन्हाची सवय लावावी. मग गच्चीवरील कुंड्यांत किंवा गावच्या घराच्या परसात ती महिनोन्‌महिने फळे देतील, आणि तेथील ऊन फुकटचे असेल.

दिवा सूर्याची जागा घेऊ शकत नाही. तान्ह्या मुलाला दाई जशी चालू लागेपर्यंत सांभाळते, तसे त्याचे काम आहे. ज्याने हे ओळखले त्याचे फडताळ सार्थकी लागले.