सभेतला ठराव म्हणजे उपविधी नव्हे

महाड बाजारपेठेत आणि पोलादपूरला आपले बरेच व्यापारी बांधव तळमजल्यावर गाळा व वर राहते घर असे घेतात. घेताना भाव पाहतात, खरेदीखत वाचून घेतात. इमारतीचे उपविधी, म्हणजे पोटनियम, मात्र कोणी मागत नाही.

जुलै २०२१ च्या पुराचे पाणी ओसरल्यावर आमच्या सोसायटीची सभा झाली. पंप व वीजमीटर वर नेण्याचे ठरले. त्यातच, गाळेवाल्यांनी यापुढे सेवाशुल्क दीडपट द्यावे, असाही ठराव झाला. सर्वांनी सह्या केल्या, मीही केली. पुढे एक गाळा विकला गेला. नव्या मालकाने विचारले, "हे उपविधीत कुठे आहे?" कुठेच नव्हते. उलट छापील उपविधीत सेवाशुल्क सर्वांना समान होते. मग भरलेल्या पैशांवरून जी तोंडे फिरली, ती अजून सरळ झालेली नाहीत.

सहकारी गृहनिर्माण संस्थेला १९६० चा सहकार कायदा लागू होतो. शासनाचे आदर्श उपविधी बहुतेक संस्था जसेच्या तसे घेतात. त्यात बदल करायचा तर १४ दिवसांची लेखी नोटीस, सभेत हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत आणि त्यानंतर सहकार खात्याच्या निबंधकाकडे नोंदणी. कलम १३ प्रमाणे नोंदणी होईपर्यंत दुरुस्ती वैध नाही, मग इतिवृत्ताच्या वहीत कितीही सह्या असोत.

१९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालील इमारतीची रीत वेगळी. तेथे उपविधी घोषणापत्राला जोडलेले असतात आणि घोषणापत्र खरेदीखतासारखे दुय्यम निबंधकाकडे नोंदवले जाते. (दोन्हीकडे नाव निबंधकच, पण कार्यालये निराळी. आमचे एक स्नेही अर्धा दिवस भलत्याच रांगेत उभे होते.) उपविधी बदलायचा तर घोषणापत्रातच दुरुस्ती करून ती नोंदवावी लागते. सामाईक खर्च प्रत्येकाच्या हिश्श्याच्या टक्केवारीने वाटला जातो व ती टक्केवारी सर्व मालकांच्या संमतीशिवाय बदलत नाही. तेव्हा गाळ्याचा बयाणा देण्यापूर्वी हा आकडा पाहून घ्यावा.

पैशांपेक्षा मोठी गोष्ट जिवाची. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडच्या काजळपुऱ्यात 'तारिक गार्डन' ही पाच मजली इमारत कोसळून १६ जण दगावले. इमारत जेमतेम सात वर्षांची होती. आदर्श उपविधीत बांधकामाची तपासणी १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी व ३० वर्षांनंतर दर तीन वर्षांनी सांगितली आहे. सात वर्षांच्या इमारतीला ती अट लागूच पडत नाही. एकदा तपासणी करायला साधा ठराव पुरतो. नियम कायमचा हवा असेल, तर वरची सगळी वाट चालावी लागते.

आमच्या सोसायटीत पाचव्या वर्षापासूनच तपासणीची दुरुस्ती मांडली आहे. १४ दिवसांची नोटीस गेल्या शुक्रवारी फलकावर लागली आणि घरोघरी पोचती करून सह्याही घेतल्या.