‘बिरीव्ह’ या इंग्रजी क्रियापदातील कर्तृलोप

‘बिरीव्ह्ड’ या इंग्रजी रूपाचा अर्थ आपले विद्यार्थी बहुधा ‘शोकाकुल’ असा करतात. प्रसंगी तो निभावून जातो. परंतु या शब्दाच्या मुळाशी शोक नसून लूट आहे.

जुन्या इंग्रजीत हे क्रियापद ‘बेरेआफिअन्’ असे होते. ‘रेआफिअन्’ म्हणजे लुटणे. जर्मन भाषेतील ‘राउबेन’ व ‘बेराउबेन’ ही त्याची सख्खी भावंडे आजही लुटण्याच्याच अर्थाने नांदत आहेत. हाच जर्मानिक शब्द जुन्या फ्रेंचमध्ये गेला व तेथून ‘रॉब’ या रूपाने इंग्रजीत परतला. अशा रीतीने एकाच धातूची दोन रूपे एका घरात आली असता चोरीचा व्यवहार पाहुण्याने उचलला, आणि घरच्या रूपाकडे मृत्यू तेवढा उरला. (झगा या अर्थाचा ‘रोब’ हा शब्दही त्याच कुळातला, मुळात तो लुटीत मिळालेले वस्त्रच होय.) संस्कृतातील ‘लुप्’ धातूचा संबंधही याच मूळ धातूशी जोडला जातो. ‘लुम्पति’ म्हणजे तोडतो, लुटतो. पाणिनीच्या शास्त्रात मात्र ‘लोप’ म्हणजे केवळ अदर्शन. तेथे लुटारू उरलेला नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

कारण इंग्रजी क्रियापदाचेही नेमके हेच झाले. १६११ च्या इंग्रजी बायबलात, उत्पत्तीच्या बेचाळिसाव्या अध्यायात, याकोब आपल्या मुलांवर आरोप करतो की, तुम्हीच मला अपत्यांविना केले. येथे कर्ता समोर उभा आहे. पुढल्याच अध्यायात बन्यामिनास पाठविण्यास तो राजी होतो, तेव्हा तेच क्रियापद कर्मणी प्रयोगात येते. अपत्ये जायचीच असतील तर जावोत, असा त्याचा भाव आहे, आणि ती कोण नेणार याचा उच्चार नाही. बोलणारा तोच, क्रियापद तेच. आरोपाची मात्र शरणागती झाली आहे. आजच्या इंग्रजीत हा दुसरा प्रयोगच प्रमुख होऊन बसला आहे.

मराठीत या दोन प्रयोगांसाठी दोन निराळी क्रियापदे आहेत. ‘काळाने पुत्र हिरावून नेला’ यात कर्ता आहे. ‘ती पुत्रास मुकली’ यात कर्त्याला जागाच नाही. म्हणून याकोबाच्या पहिल्या उद्गारास ‘हिरावणे’ व दुसऱ्यास ‘मुकणे’ योजावे लागेल. दोन्ही ठिकाणी एकच मराठी शब्द घालण्याचा हट्ट मला तरी अनुचित वाटतो.

या क्रियापदाच्या दोन धातुसाधितांतही वाटणी झाली आहे. ‘बिरेफ्ट’ हे आशा, कल्पना, अर्थ अशा कोणत्याही गोष्टीस पारखे झाल्याचे सांगते; ‘बिरीव्ह्ड’ हे मृत्यूपुरते राखून ठेवले आहे, आणि ते भावना सांगत नाही, स्थिती सांगते. ब्रिटनमध्ये २०१८ साली संमत झालेल्या कायद्याच्या नावात याच क्रियापदाचे नाम ‘बिरीव्हमेंट’ आले आहे. अठरा वर्षांखालील अपत्य गमावलेल्या नोकरदार पालकांना २०२० पासून त्या कायद्यान्वये दोन आठवड्यांची रजा मिळते. पालक किती शोक करतो हे तो कायदा विचारीत नाही. अपत्य गेले एवढेच त्यास पुरेसे आहे. येथे ‘शोक-रजा’ हे भाषांतर सुटसुटीत खरे, पण ‘अपत्यवियोग-रजा’ हे अधिक यथार्थ.