डोक्याचा सीटी स्कॅन : कधी, कशासाठी?

● सुरुवात : रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात झाला. यंत्राचे जनक गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांना ॲलन कॉरमॅक यांच्यासह १९७९चे नोबेल मिळाले.

● काय दिसते? : घनतेच्या हाउन्सफिल्ड मोजपट्टीवर पाणी ०, हवा उणे १०००, तर ताजे गोठलेले रक्त साधारण ५० ते ७०. म्हणूनच करड्या मेंदूत रक्तस्राव पांढरा उठून दिसतो.

● पक्षाघातात : गुठळी आणि रक्तस्राव यांची लक्षणे सारखीच, उपचार मात्र परस्परविरोधी. गुठळी विरघळवणारे औषध सहसा साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. रक्तस्रावात तेच जिवावर बेतते. म्हणून आधी स्कॅन.

● डोक्याला मार लागल्यास : बेशुद्धी, वारंवार उलट्या, झटके, वाढती गुंगी, नाका-कानातून पाणी किंवा रक्त येणे ही धोक्याची लक्षणे. वय ६५च्या पुढे असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर जास्त सावध राहा.

● मर्यादा : गुठळीमुळे झालेली इजा पहिल्या काही तासांत स्कॅनवर दिसेलच असे नाही. स्कॅन ‘नॉर्मल’ आला, तरी डॉक्टरांची तपासणीच निर्णायक.

● किरणोत्सर्ग : एका स्कॅनला सुमारे २ मिलिसिव्हर्ट, निसर्गातून वर्षभरात साधारण तेवढाच मिळतो. नेहमीच्या डोकेदुखीसाठी स्कॅनचा हट्ट नको. गर्भवतींनी आधी सांगावे.

लक्षात ठेवा : तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे अडखळते? वाट पाहू नका. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा.