वारा कुठला?

ट्राउट आणि माशी : लेखांक ६

मेच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आयर्लंडमधल्या लॉख कॉरिबच्या धक्क्यावर सकाळी गेलात, तर तिथले नावाडी आधी झाडांचे शेंडे बघताना दिसतात. पाण्याकडे नजर नंतर जाते. सरोवर सुमारे १७६ चौरस किलोमीटरचं, बहुतेक गॉलवे परगण्यात. भोवती बऱ्याच भागात चुनखडक, आणि बेटं म्हणे वर्षात जितके दिवस तितकी. गेल्या आठवड्यात आपण मेफ्लायचं आयुष्य पाहिलं: साधारण दोन वर्षं तळाच्या गाळात आणि पंख फुटल्यावर जेमतेम काही दिवस. हे कीटक वर यायला लागले की कॉरिबमधला ब्राउन ट्राउटही पृष्ठभागाकडे येतो. तो कधी येईल, कुठे येईल आणि किती निर्धास्तपणे येईल, हे मात्र हवेवर ठरतं.

खुद्द ट्राउटला वारा लागत नाही, हे आधी ध्यानात घेऊ. त्याच्यापर्यंत पोहोचतो तो वाऱ्याने पाण्याच्या वरच्या थरावर केलेला उद्योग.

पाण्यातून वर बघणाऱ्या माशाला बाहेरचं जग आपल्यासारखं दिसत नाही. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचं सगळं दृश्य माशाच्या डोक्यावरच्या सुमारे ९७ अंशांच्या शंकूत कोंबलं जातं. मासा एक मीटर खोल असेल, तर त्याच्यासाठी पृष्ठभागात साधारण सव्वादोन मीटर व्यासाची गोल खिडकी उघडी असते. खिडकीबाहेरचा पृष्ठभाग म्हणजे तळाचं प्रतिबिंब दाखवणारा आरसा. कडेकडेच्या वस्तू चेपलेल्या आणि अंधूक दिसतात. होडीत बसलेल्या माणसाचं डोकं पाण्यापासून एक मीटर उंच आणि मासा सहा मीटर दूर असेल, तर ते डोकं क्षितिजाच्या वर साडेनऊ अंशांवर येतं, म्हणजे त्या चेपलेल्या पट्ट्यातच. तोच माणूस उभा राहिला की जवळपास दुप्पट अंश वर चढतो आणि नीट दिसायला लागतो. नवख्या पाहुण्याला नावाडी सारखा ‘बसा, बसा’ करतो, त्यात बुडण्याची भीती असतेच, पण हे गणितही असतं.

हे झालं निश्चल पाण्याचं. वाऱ्याने लाट उठली की खिडकीची कड फाटते, वरचं चित्र तुकड्यातुकड्यांनी हलायला लागतं. दोरा, त्याची सावली, होडीची बाजू, काहीच धड ओळखू येत नाही. पाण्यावर बसलेल्या माशीचे पाय मात्र पृष्ठभागाला खळगे पाडतात, ते लुकलुकतात आणि मासा त्यांच्याकडे येतो. संशय घ्यायला त्याला फुरसत मिळत नाही. म्हणूनच सहलीला आलेल्यांना स्वर्ग वाटणारी निवांत, कडक उन्हाची, पाणी काचेसारखं ठेवणारी दुपार कॉरिबच्या गळकऱ्याला नकोशी होते. त्याला मळभ हवं आणि फूटभर उंचीची लाट हवी.

लाटेपेक्षाही वाऱ्याचा थेट उपयोग करून घेते ती डॅपिंग नावाची जुनी पद्धत. मला ती फ्लाय फिशिंगमधली सर्वांत मोहक पद्धत वाटते, आणि तिला कमी लेखणाऱ्या शुद्धतावाद्यांशी माझं कधी जमलं नाही. काठी साडेचार ते पाच मीटर लांब. रिळावरच्या साध्या दोरीपुढे रेशमासारखा हलका, पिसारलेला फ्लॉसचा धागा, त्याला लहानसा पारदर्शक दोरा आणि शेवटी गळाला लावलेली खरीखुरी मेफ्लाय, बहुधा सकाळी काठावरच्या झुडपांवरून गोळा करून लाकडी डबीत ठेवलेली. होडी वाऱ्याला आडवी सोडायची, वल्ही फक्त दिशा सांभाळायला. पाठीमागून वारा येतो, काठी उभी धरली की धागा फुगून होडीच्या पुढे उडतो. पतंगाला ढील द्यावी तसं काठीचं टोक खाली-वर करत माशी पाण्याला टेकवायची, थोडी नाचवायची, पुन्हा टेकवायची. पाण्यावर असते ती फक्त माशी, दोरा हवेत. फेकायचं काहीच नसतं, ते काम वारा करतो.

वारा पडला की धागा पाण्यावर लोळतो, भिजतो आणि निरुपयोगी होतो. वारा फार झाला की माशी पाण्यावर ठरतच नाही. मधल्या वाऱ्यात ट्राउट येतो, तोंड उघडतो, आणि इथे फेकून मासेमारी करायची सवय असलेला माणूस हमखास हिसका देतो. जाणते सांगतात, थांबा, त्याला माशी घेऊन खाली वळू द्या, मग काठी उचला. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हाच खेळ लांब तंगड्यांच्या क्रेनफ्लायवर आणि नाकतोड्यावर चालतो. हे कीटक जमिनीवरचे. शेतांवरून येणारा वारा त्यांना ढकलत पाण्यात आणून टाकतो.

मोठ्या सरोवरात वारा आणखी एक सोय करतो. काही वेळ एकाच दिशेने वाहिला की पाण्यावर वाऱ्याला समांतर फेसाच्या लांब पट्ट्या दिसायला लागतात. १९२७ मध्ये अटलांटिक ओलांडताना आयर्व्हिंग लँगम्यूर या शास्त्रज्ञाला समुद्रशेवाळ अशाच रांगांमध्ये लागलेलं दिसलं. पुढे रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलेल्या या माणसाने अमेरिकेतल्या लेक जॉर्जवर प्रयोग केले आणि १९३८ मध्ये कारण मांडलं: वाऱ्याखाली पाणी शेजारी-शेजारी उलट-सुलट फिरणाऱ्या आडव्या नळकांड्यांमध्ये घुसळलं जातं, जिथे दोन नळकांड्यांचं पाणी एकत्र येऊन खाली जातं, तिथे तरंगणारं सगळं वर अडकून राहतं. फेस, पानं, मेलेल्या माश्या, अर्धवट कात टाकलेले कीटक, सगळं त्याच रांगेत. ट्राउट वाऱ्याच्या उलट दिशेने ही रांग टिपत जातो, आणि अनुभवी नावाडी होडी तिच्याच बाजूने वाहत ठेवतो.

आता दिशेबद्दल. पूर्वेचा वारा वाईट, दक्षिण-पश्चिमेचा चांगला, ही समजूत इंग्रजी बोलणाऱ्या गळकऱ्यांमध्ये शतकानुशतकं आहे, आणि तिच्यात बरंच तथ्य आहे. पण ते होकायंत्रातलं नव्हे. पश्चिम आयर्लंडवर नैर्ऋत्येचा वारा अटलांटिकवरून येतो: दमट, सौम्य, ढगाळ. मेमधला पूर्वेचा वारा बहुतेक वेळा कोरडा, गार आणि लख्ख उजेडाचा. दिशा हे त्या सगळ्या हवेचं टोपणनाव. आपल्या कोकणात मतलई आणि खारे वारे म्हटलं की शिडाची होडी पहाटे समुद्रात जाणं आणि नंतर परतणं डोळ्यांसमोर येतं, तसंच हे. दमट हवेत नुकत्याच वर आलेल्या मेफ्लायचे पंख सुकायला वेळ लागतो. ती पाण्यावर जास्त वेळ बसून राहते आणि माशाला आयती सापडते. कोरड्या उन्हात ती भर्रकन उडून झाडी गाठते. छोट्या ऑलिव्ह जातीच्या माश्या तर नद्यांवर झिमझिम पावसाच्या उदास दिवशीच भरभरून निघतात. कवीला जो दिवस रडका वाटेल, तो गळकऱ्याचा.

वायुदाबमापकावरचा विश्वास मात्र मला पटत नाही. काटा खाली जातोय म्हणजे मासा घेणार नाही, असं कित्येक घरांत अजून सांगितलं जातं. गणित करून पाहा. एक हेक्टोपास्कल दाब म्हणजे साधारण एक सेंटिमीटर पाण्याचं वजन. खोल वादळातला ९८० आणि भक्कम उघडिपीतला १०३० यांच्यात फरक पन्नासचा, म्हणजे अर्धा मीटर पाणी. ट्राउट एका शेपटीच्या फटक्यात तेवढा वर-खाली होतो. शिवाय त्याच्या हवेच्या पिशवीला घशाकडे उघडणारी नळी असते. तो हवा सोडू शकतो आणि वर येऊन गिळू शकतो. दाब बदलतो तेव्हा सोबत ढग, वारा आणि उजेडही बदलतात. श्रेय काट्याला मिळतं, इतकंच.

नदीवर वाऱ्याचा त्रास वेगळा, तो थोडक्यात सांगतो. कृत्रिम माशीला वजन नसल्यातच जमा, फेकली जाते ती दोरी. नेहमीच्या पाच नंबरच्या दोरीचे पहिले नऊ मीटर फक्त नऊ ग्रॅम भरतात. उजव्या हाताच्या माणसाला वारा उजवीकडून आला की गळ थेट कानाकडे येतो. अशा वेळी काठी डाव्या खांद्यावरून चालवावी, आणि डोळ्यांवर चष्मा तर नेहमीच असावा. समोरून वारा असेल तर पुढची फेक खाली ठेवावी. पहलगामच्या वाटेवर मराठी पर्यटकांना भेटणाऱ्या लिद्दर नदीत गेल्या शतकाच्या आरंभापासून रुजलेला ब्राउन ट्राउट हा कॉरिबमधल्याच जातीचा. तिथे उन्हं चढली की वारा दरीतून वर सुटतो आणि बर्फही जोरात वितळतो. दुपारनंतर पाणी गढूळ. म्हणजे मळभाचा दिवस तिथेही बरा, पण कारण निराळं.

उष्णतेचं म्हणाल तर ब्राउन ट्राउट साधारण १० ते १६ अंश सेल्सिअस पाण्यात भुकेला असतो. १० अंशांना लिटरभर पाण्यात ११ मिलिग्रॅमहून थोडा जास्त ऑक्सिजन मावतो, २० अंशांना ९ च्या आसपास, आणि त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते. पाणी विशीला टेकलं की गळ गुंडाळावा. पकडून सोडलेला मासाही अशा पाण्यात वाचेलच असं नाही.

दिवसभर हवाहवासा वाटलेला वारा संध्याकाळी मात्र पडलेला बरा. झाडीत कात टाकून पूर्ण वयात आलेल्या मेफ्लाय तेव्हाच बेटांच्या आडोशाने पाण्यावर येतात, अंडी घालतात आणि पंख पसरून पडतात. वारा असेल तर त्या झुडपांतून बाहेर पडतच नाहीत. या वेळी डॅपिंगची काठी ठेवून साधी फ्लायची काठी घ्यायची आणि लाटेची मदत नसल्यामुळे दोरी फार हलक्या हाताने टाकायची.

विजेच्या बाबतीत तडजोड नाही. हल्लीच्या लांब काठ्या कार्बन फायबरच्या असतात, कार्बन वीज वाहून नेतो, आणि सपाट सरोवरात पाच मीटरची उभी काठी हीच सर्वांत उंच वस्तू. गडगडाट ऐकू आला की काठ्या आडव्या ठेवून काठ गाठायचा, आजूबाजूला कितीही मासे उसळत असले तरी.

(पुढील आठवड्यात : पावसानंतर चढलेली नदी आणि गढूळ पाण्यातला ट्राउट)