कुजण्याचा अधिकार

वस्तूला काळाच्या तडाख्यातून वाचवणे हेच संग्रहालयाचे पहिले कर्तव्य, ही समजूत किती एकांगी असू शकते, हे कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील हाइस्ला या मूलनिवासी समाजाने स्टॉकहोमच्या राष्ट्रीय मानववंश संग्रहालयाला दाखवून दिले. किटलोप नदीच्या परिसरातील ग्प्सगोलॉक्स या प्रमुखाने, देवीच्या साथीत आप्त आणि कुळातील माणसे दगावल्यावर, 1872 मध्ये सुमारे नऊ मीटर उंचीचा टोटेम स्तंभ, म्हणजे कुळाच्या आख्यायिकांतील आकृती कोरलेला लाकडी खांब, उभारविला होता.

1929 मध्ये ओलॉफ हॅन्सन या स्वीडिश वाणिज्यदूताने कॅनडाच्या सरकारी अधिकाऱ्याची संमती मिळवून तो स्तंभ तोडून या संग्रहालयासाठी नेला. हाइस्लांची संमती कोणी घेतली नाही; आणि त्यांनी दाद मागावी, तर अशा दाव्यांसाठी सरकारी परवानगीविना वर्गणी गोळा करणे हाच 1927 पासून गुन्हा ठरविण्यात आला होता.

स्तंभाचा पत्ता हाइस्लांना 1991 मध्ये लागला आणि 1994 मध्ये स्वीडिश सरकारने तो परत देण्यास मान्यता दिली. हेन्री रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन नवे स्तंभ कोरले, त्यांपैकी एक मूळ जागी उभा राहिला आणि दुसरा स्टॉकहोमला मिळाला. त्यामुळे संग्रहालयाच्या हाती राजीखुशीने दिलेली आणि कारागीर ठाऊक असलेली वस्तू आली, जी पहिलीपेक्षा कमी मोलाची मानण्याचे कारण नाही.

खरा पेच पुढेच होता. मूळ स्तंभ तापमान आणि आर्द्रता नियंत्रित असलेल्या इमारतीतच ठेवावा, असा संग्रहालयाचा आग्रह होता, आणि त्यासाठी लागणारा निधी हाइस्लांपाशी नव्हता. शिवाय त्यांच्या परंपरेत असा स्तंभ कालांतराने कोसळून मातीत मिसळावा, हेच त्याचे विहित आयुष्य; पार्थिव मूर्तीचे विसर्जन करणाऱ्या समाजाला यात विपरीत काही वाटू नये. आपलीच वस्तू परत घेताना ती कशी सांभाळायची हेही दुसऱ्याने ठरवावे, हे सहकार्य नव्हे, तर मालकीचाच सौम्य अवतार होय.

इमारत उभी राहिलीच नाही, तरीही 2006 मध्ये स्तंभ मायदेशी परतला, काही काळ किटिमॅट शहरातील एका व्यापारी संकुलात राहिला आणि 2012 मध्ये निसर्गक्रमाने झिजण्यासाठी किटलोपला नेण्यात आला.