अडखळत का होईना, पण उघडपणे

एखादा मनुष्य गडबडला किंवा खोटे बोलताना सापडला, म्हणजे ‘त्याचे त-त-प-प झाले’ असे आपण सहज म्हणून जातो. अडखळणे आणि भीती यांची सांगड आपल्या बोलीनेच अशी घालून ठेवली आहे. त्यामुळे अडखळत बोलणारा तो भित्रा, मंद किंवा लबाड असावा, असा ग्रह नकळत होऊन बसतो. आम्ही स्वतः अडखळत बोलणाऱ्यांपैकी आहोत. तेव्हा हा प्रकार वस्तुतः काय आहे आणि तो लपविण्यापेक्षा उघडपणे घेऊन जगणे का बरे, हे विद्यार्थिमित्रांना व त्यांच्या पालकांना सांगावे, असे आम्हांस वाटते.

अडखळण्याची मुख्य रूपे तीन. पहिल्यात अक्षराची पुनरावृत्ती होते. ‘पाणी’ म्हणताना ‘प-प-पाणी’ असे होते. दुसऱ्यात ध्वनी लांबतो. ‘शाळा’ या शब्दातील ‘श’ पुढे सरकतच नाही. तिसरे रूप सर्वांत कठीण. ओठ मिटलेले असतात, शब्द मनात तयार असतो, पण आवाज फुटत नाही. ऐकणाऱ्यास वाटते, याला उत्तर आठवत नाही. खरे पाहता उत्तर केव्हाच आठवलेले असते; अडते ते केवळ उच्चारापाशी.

हा प्रकार बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतो. शंभर मुलांपैकी सुमारे पाच मुले केव्हा ना केव्हा अडखळतात. त्यांपैकी बहुतेकांचे अडखळणे पुढे आपोआप थांबते. मोठेपणी शंभरांत सुमारे एकाच्या वाणीत ते कायम राहते, आणि त्यांत पुरुष स्त्रियांच्या सुमारे चौपट असतात. म्हणजे पाचशे विद्यार्थ्यांच्या शाळेत अशी चार-पाच मुले तरी असावयाचीच.

याचे कारण जिभेत नाही. 1841 साली डीफेनबाख नावाच्या जर्मन शल्यवैद्याने जिभेवर शस्त्रक्रिया करून पाहिली, आणि ती निष्फळ ठरली. आपल्याकडे मुलाच्या जिभेला मधात उगाळलेले वेखंड लावतात. त्यामागील माया खरी, पण त्याने अडखळणे जाते याला पुरावा नाही. ओठ, जीभ, कंठ आणि श्वास यांच्या सूक्ष्म हालचाली नेमक्या क्षणी जुळवून आणण्याचे काम मेंदू करतो, आणि तेथील रचनेत काही वेगळेपण असते, असे शास्त्रज्ञ मानतात. ते पुष्कळदा आनुवंशिक असते. 2010 साली त्याच्याशी संबंध असलेली तीन जनुकेही सापडली. भीतीने अडखळणे वाढते हे खरे, परंतु भीती हे त्याचे मूळ नव्हे. आईबापांच्या वळणाचा दोष तर त्यात मुळीच नाही.

एक गोष्ट शिक्षकांना कोड्यात टाकते. वर्गाबरोबर पाढे किंवा प्रार्थना म्हणताना जो मुलगा कोठेही अडत नाही, तोच एकटा उभा राहिला की अडखळतो. ‘मुद्दाम करतोस’ असा ठपका मग त्याच्यावर येतो. परंतु सामुदायिक पठणात व गाण्यात लय बाहेरून मिळते. ती साधण्याचा भार एकट्या मेंदूवर राहत नाही. म्हणून तेथे वाणी मोकळी होते. यात सोंग नाही.

आता लपविण्याविषयी. आमच्यापैकी पुष्कळजण यात विलक्षण निपुण होतात. ‘दगड’ अडणार असे दिसताच ‘धोंडा’ म्हणतात, तोही अडणार असेल तर वाक्यच फिरवितात. पण हजेरीच्या वेळी ‘हजर’ला पर्याय नसतो, आणि स्वतःच्या नावाला तर नसतोच. शेवटी मुलगा येत असलेल्या उत्तरालाही ‘माहीत नाही’ म्हणू लागतो, वक्तृत्वस्पर्धेच्या दिवशी आजारी पडतो, दुकानात धाकट्या भावाला पाठवितो. जोसेफ शीहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने अडखळण्याला हिमनगाची उपमा दिली. ऐकू येते ते वरचे टोक. लाज, भीती व टाळाटाळ यांचा मोठा भाग पाण्याखाली असतो. लपविण्याने टोक कदाचित झाकते, पण खालचा डोंगर मात्र वाढत जातो.

डेमॉस्थेनिसने तोंडात खडे धरून वाणी सुधारली, ही कथा आम्हांला वारंवार ऐकविली जाते. तिचा हेतू चांगला. पण जो अडखळण्यावर मात करील तोच मानाचा, असा तिचा अर्थ मुलाच्या मनात उतरतो. चार्ल्स व्हॅन रायपर हे स्वतः अडखळणारे अमेरिकन वाचातज्ज्ञ निराळे सांगत. अडखळणे टाळण्याची झुंज सोडावी, ताण न घेता सहजपणे अडखळावे, एवढेच नव्हे तर कधी कधी जाणूनबुजून अडखळून पाहावे, असा त्यांच्या शिकवणीचा रोख होता. ‘मी अडखळत बोलतो, थोडा वेळ लागेल’ एवढे एक वाक्य आरंभीच सांगितले, की उघडकीस येण्याची धास्ती उरत नाही. यामुळे अडखळणे नाहीसे होईल, असे वचन आम्ही देत नाही. पण बोलावयाचे ते बोलून होते, आणि आमच्या दृष्टीने हाच खरा लाभ आहे.

ऐकणाऱ्यांचे कामही अवघड नाही. आमचे वाक्य आपण पुरे करू नका. ‘सावकाश बोल, घाबरू नकोस’ हा उपदेश प्रेमाचा असला तरी लक्ष शब्दांवरून जिभेकडे वळवितो. नजर न चुकविता थांबावे, आणि कसे बोलला यापेक्षा काय बोलला याला उत्तर द्यावे. घरात लहान मूल काही महिने अडखळत असेल, तर वाचातज्ज्ञाला अवश्य दाखवावे. म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आणि मुंबईची अली यावर जंग संस्था या कामासाठी प्रसिद्ध आहेत. अडखळणाऱ्यांचे परस्परसाहाय्य गटही देशात चालतात, आणि 22 ऑक्टोबर हा दिवस 1998 पासून जगभर याच विषयाच्या जागृतीसाठी पाळला जातो.

वर्गातील अशा मित्राला ‘हजर’ म्हणावयास तीन क्षण अधिक लागले, तर ते त्याला द्यावेत. वर्गाचे त्यात काही जात नाही. त्याचे मात्र पुष्कळ राहते.