कर्ट फ्लडने बदली नाकारली तेव्हा

बेसबॉलच्या मैदानात सगळ्यांत मागे तीन क्षेत्ररक्षक उभे असतात. ते आउटफिल्डर. त्यांतला मधला, म्हणजे सेंटर फील्डर, सर्वाधिक जागा राखतो आणि सर्वाधिक पळतो. १९६०च्या दशकात सेंट लुईस कार्डिनल्स संघात ही जागा कर्ट फ्लडची होती. १९६६च्या हंगामात तो तिथे १५९ सामने खेळला आणि एकही चूक त्याच्या नावावर लागली नाही. क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार त्याने १९६३ ते १९६९ अशी सलग सात वर्षं पटकावला. बॅटही चांगली चालायची: १९६४मध्ये त्याने २११ हिट्स मारले. त्या वर्षी आणि पुन्हा १९६७मध्ये कार्डिनल्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली.

एवढं सगळं असूनही आज त्याचं नाव निघालं की अमेरिकेत आधी आठवतो तो त्याचा खटला.

फ्लडचा जन्म १९३८चा, टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा. वाढला मात्र कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये. १९५६मध्ये सिनसिनाटी रेड्सने त्याला घेतलं आणि या कृष्णवर्णीय पोराला दक्षिणेतल्या छोट्या लीगमध्ये खेळायला धाडलं. तिथे वर्णभेद काय असतो ते त्याला रोज कळत होतं. एकदा दोन सामन्यांच्या मधल्या वेळात त्याने घामेजलेला गणवेश सहकाऱ्यांच्या कपड्यांच्या ढिगावर टाकला, तर तो काठीने उचलून वेगळा काढला गेला. काळ्यांच्या लाँड्रीतून कपडे धुऊन येईपर्यंत तो उघडाच बसून राहिला. केन बर्न्सच्या बेसबॉलवरच्या माहितीपटात हा प्रसंग त्याने सांगितला, तेव्हा जवळपास चार दशकं उलटली होती.

१९५७च्या अखेरीस तो कार्डिनल्सकडे आला आणि बारा हंगाम तिथे रमला. १९६९च्या ऑक्टोबरमध्ये संघाच्या कार्यालयातून फोन आला: तुला फिलाडेल्फिया फिलीजना दिलं आहे. बदल्यात डिक ॲलनसह तिघे येणार होते. फ्लडला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारायची गरजही नव्हती. त्या काळी प्रत्येक करारात ‘रिझर्व्ह क्लॉज’ असे. करार वर्षाचा, पण तो पुढे वाढवण्याचा हक्क फक्त मालकाचा. त्यामुळे खेळाडू एकदा सही करून बसला की मालक सोडील तेव्हाच सुटायचा. मालकाने त्याला विकावं, दुसऱ्याशी अदलाबदल करावी. खेळाडूपुढे दोनच वाटा, सांगतील तिथे जा किंवा खेळ सोडा.

याला कायद्याचं संरक्षणही होतं. बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार नाही, म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू होत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९२२मध्ये दिला होता. आगगाडीने राज्याराज्यांतून फिरून तिकिटं विकणाऱ्या संघांबद्दल हा निष्कर्ष काढायला मोठंच धाडस लागलं असणार.

फ्लड तेव्हा वर्षाला ९० हजार डॉलर मिळवत होता. त्या काळात ही घसघशीत रक्कम होती, आणि टीकाकारांनी नेमकं तेच तोंडावर फेकलं. त्याचं उत्तर असं, की चांगला पगार मिळाला तरी गुलाम हा गुलामच राहतो. खेळाडू संघटनेचे प्रमुख मार्विन मिलर यांनी त्याला आधीच बजावलं होतं: खटला हरण्याचीच शक्यता जास्त, कारकीर्द संपेल, पुढे प्रशिक्षकाचं कामही कुणी देणार नाही. फ्लडने विचारलं, बाकीच्या खेळाडूंचा फायदा होईल का? मिलर हो म्हणाले. १९६९च्या नाताळाच्या आदल्या दिवशी त्याने बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहून कळवलं, की आपण खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही. कून यांनी त्याचं म्हणणं फेटाळलं आणि जानेवारीत फ्लड कोर्टात गेला.

साक्षीला जॅकी रॉबिन्सन आला, हँक ग्रीनबर्ग आला, दोघेही निवृत्त खेळाडू. सक्रिय खेळाडूंपैकी एकही कोर्टाकडे फिरकला नाही. त्यांच्या भीतीला कारण होतं हे खरं, पण ज्यांच्यासाठी हा माणूस सगळं पणाला लावत होता, त्यांच्यातला एकही तिथे नसावा हे आजही खटकतं.

१९ जून १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयात तो पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी निकालपत्रात बेसबॉलचे गोडवे गात जुन्या खेळाडूंची लांबलचक यादीच दिली. बेसबॉलला मिळणारी सूट विसंगत आहे हे मान्य करून ती दुरुस्त करण्याचं काम मात्र अमेरिकी काँग्रेसवर सोपवलं.

तोवर फ्लड संपला होता. १९७०चा हंगाम बाहेर काढून १९७१मध्ये तो वॉशिंग्टन सेनेटर्सकडून उतरला, पण हात-पाय साथ देईनात. १३ सामन्यांनंतर तो निघून गेला, थेट स्पेनच्या मायोर्का बेटावर. तिथे त्याने बार चालवला आणि दारूत बुडाला.

इकडे चित्र पालटत होतं. दहा वर्षं खेळलेल्या आणि शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला १९७३पासून बदली नाकारता येऊ लागली. फ्लड या अटीत सहज बसला असता. १९७५च्या डिसेंबरमध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या खेळाडूंना मोकळं केलं आणि रिझर्व्ह क्लॉजचा कणाच मोडला. कराराचे आकडे मग कोटींत गेले. २०१९मध्ये गेरिट कोलने न्यूयॉर्क यांकीजशी ३२.४ कोटी डॉलरचा करार केला, तेव्हा पत्रकार परिषदेत त्याने आवर्जून फ्लडचे आभार मानले.

ते ऐकायला फ्लड नव्हता. तो ओकलंडला परतला होता, पण १९९७मध्ये ५९व्या वर्षी घशाच्या कर्करोगाने गेला. पुढच्या वर्षी काँग्रेसने त्याच्याच नावाचा कायदा करून खेळाडूंच्या कराराबाबतची ती सूट काढली. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये बोवी कून २००८मध्ये पोचले, मार्विन मिलर यांची निवड २०१९मध्ये झाली, आणि ज्याच्या बदल्यात फ्लडला देऊ केलं होतं तो डिक ॲलनही २०२५मध्ये आत गेला. फ्लड अजून बाहेर आहे.